साखर, मिरची आणि पुठ्ठा

आमच्या काकांना तीन आवाज आहेत. घरात बोलायचा चौथा, पण तो धरायचा नाही, कारण त्यावर कुणाचाच विश्वास नाही. "आलोच पाच मिनिटांत" हे वाक्य त्यांनी त्या चौथ्या आवाजात इतक्यांदा म्हटलंय, की आता ते ऐकलं की काकू ताटावर झाकण ठेवते आणि पुस्तक उघडून बसते.

गाडी फिरवून लाउडस्पीकरवर जाहीर सूचना करायच्या, हा काकांचा धंदा. सगळी वस्ती त्यांना भोंगाकाका म्हणते. तीन चाकांची मालवाहू गाडी, टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी. हँडलला जाड तार वाकवून बांधलेली, तिच्या टोकाला माइक, म्हणजे दोन्ही हात गाडीला आणि तोंड धंद्याला. माइकवर काकूच्या जुन्या रुमालाची टोपी, वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून.

तीन आवाजांना नावंही त्यांनीच दिली आहेत. सेल, जत्रा, मोर्चे आणि विरोधी उमेदवाराची धुलाई, यासाठी मिरची. हरवलेलं मूल, कुणाचं निधन, आणि आपल्या उमेदवाराचं कौतुक, यासाठी साखर. आणि सरकारी खात्यांसाठी पुठ्ठा. "उद्या सकाळी जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद राहील" हे वाक्य काका असं म्हणतात, की प्रत्येक शब्दाला सारखं वजन मिळतं आणि एकही शब्द लक्षात राहत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, तेव्हापासून त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती माझ्याकडे आहे. एकदा गंमत म्हणून मी तिन्ही आवाज रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर लावले. पुठ्ठ्याची रेघ गव्हाच्या शेतासारखी एका उंचीची. मिरची म्हणजे करवतीचे दात. साखरेत मात्र शब्द थोडे आणि शब्दांमधला श्वास जास्त. शिवाय तोंड माइकच्या अगदी जवळ, त्यामुळे आवाजाला खालून एक गोलाई आलेली, कुणी कानाशी बोलतंय अशी.

"म्हणजे साखरेत मी नुसत्या धापा टाकतो?" काकांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

"आणि लोक त्यालाच भुलतात."

"भुलणारच. साखरेत एक गोष्ट पाळावी लागते, आकडा घालायचा नाही. आकडा आला की माणूस हिशेब करायला लागतो, आणि हिशेब करणाऱ्या माणसाचे डोळे कोरडे असतात."

"मग खात्यांचं पण साखरेत सांगा ना. लोक ऐकतील तरी."

"छे!" काका एकदम ताठ झाले. "ती खरी माहिती असते. त्यात माझं काही घालायचं नाही. कागद जसा हातात आला तसा लोकांच्या दारात ठेवायचा, घडी न मोडता."

हे त्यांचं तत्त्व. बाकी तत्त्वांच्या बाबतीत आनंदच होता. निवडणुकीच्या दिवसांत सकाळी एका पक्षाची गाडी, दुपारी दुसऱ्याची. एकदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गाडी अडवून विचारलं होतं, "काका, ज्याला काल चोर म्हणालात त्यालाच आज देवमाणूस?"

"काल त्याने गाडी लावली नव्हती," काका म्हणाले. "आणि भोंग्याला मत नसतं रे."

न्हावी हसला, काकाही हसले. असं सगळं हसत-खेळत चाललं होतं, तोपर्यंत पुलाचं प्रकरण आलं.

आमची वस्ती कालव्याच्या अलीकडे. बाजार, शाळा, कपड्यांचे कारखाने सगळं पलीकडे. मध्ये एक लोखंडी पादचारी पूल, हिरव्या रंगाचा, चालताना किंचित थरथरणारा. दुसरा मोठा पूल आहे, पण त्याला चांगलाच वळसा पडतो. काकू पलीकडच्या शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला आहे. शिवून झालेला शर्ट तिच्या टेबलावर येतो, ती प्रत्येक बटण ओढून बघते, शिवण ताणून बघते आणि मगच पास करते. शिवणारी बाई कितीही शपथा घेवो, काकू बटण ओढल्याशिवाय सोडत नाही. रोज दोन वेळा ती त्या पुलावरून जाते.

एके दिवशी पूलखात्याची इंजिनिअरबाई कागद घेऊन घरीच आली. तरुण होती, बुटांना कालव्याचा चिखल. काकूने चहा टाकला. बाईने टेबलावरच समजावून सांगितलं. पुलाखालचे दोन सांधे गंजले आहेत. नवे सांधे बनून यायला वेळ आहे, ते आले की पूल बंद करून दुरुस्ती. तोपर्यंत माणसांनी थोडं-थोडं अंतर ठेवून जावं, कुणी वर थांबू नये, गर्दी तर अजिबात नको.

"म्हणजे पडणार का पूल?" काकांनी विचारलं.

"पडेलच असं मी म्हणत नाही. पण गर्दी झाली तर पडणार नाही, असंही म्हणता येणार नाही."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण हे वाक्य भोंग्यावर चालत नाही. लोकांना हो किंवा नाही लागतं."

"पण खरं एवढंच आहे," बाई म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

काकांनी कागद घेतला आणि रोज सकाळी पुठ्ठ्यात वाचायला लागले. 'सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की पादचारी पुलाच्या आधारसांध्यांची स्थिती लक्षात घेता...' गल्लीत लोक दात घासत राहिले. कुत्रीसुद्धा उठली नाहीत.

मग आले सिमेंटवाले दादा. हे बांधकामाच्या सामानाचे दुकानदार, यंदा नगर परिषदेला उभे. एवढ्यात वस्तीत एक कुजबुज सुरू झाली होती, की दुरुस्ती हा बहाणा आहे. पूल एकदा बंद झाला की पुन्हा उघडणार नाही. वस्ती तोडायची आणि जागा घशात घालायची. ही कुजबुज कुणी सोडली हे सांगता येणार नाही, पण दादांना ती पाठ होती. त्यांनी संध्याकाळची गाडी लावली.

"दादा, सकाळी मी पूलखात्याचं सांगतोय," काकांनी आधीच कानावर घातलं.

"सांगा की! मी कुठे अडवलंय? सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी."

काकांनी मान हलवली. भोंग्याला मत नसतं.

त्या संध्याकाळी मी सोल्डरिंग करत बसले होते आणि गाडी खिडकीखालून गेली. "हा पूल... नाही. ही आपली माय आहे. आठवा... याच मायेच्या पाठीवरून तुमची आई तुम्हाला कडेवर घेऊन शाळेत गेली... आज म्हणतात, माय म्हातारी झाली, काढून टाका." मग थोडा श्वास. "म्हाताऱ्या आईला... घराबाहेर काढतं का हो कुणी?"

सांधे गंजले आहेत हे मला ठाऊक होतं. श्वास कुठे घेतला, तोंड माइकच्या किती जवळ नेलं, तेही ऐकून कळत होतं. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सोल्डरच्या धुराने आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत दुसरा विषय नाही. पुलाच्या कठड्याला लोकांनी रंगीत फिती बांधल्या. पुलावर कुणी पान थुंकलं तर लोक त्याला झापायला लागले, ही एक चांगली गोष्ट झाली. आणि दादांनी जाहीर केलं, रविवारी सकाळी सगळ्यांनी पुलावर यायचं, हातात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी करायची. मायेला मिठी. ती सूचनाही काकांनीच दिली, साखरेतच.

शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. काकू भाजी वाढता वाढता म्हणाली, "उद्या जेवण उशिरा हं. आम्ही कारखान्यातल्या सगळ्या जणी पुलावर जाणार आहोत."

काकांचा घास हातातच राहिला. "कुठे जाणार?"

"साखळीला. तुम्हीच तर बोलावलंत."

"अगं, मी सकाळी रोज काय सांगतोय? गर्दी करू नका, वर थांबू नका."

"ते पूलखातं सांगत होतं."

"खातं कुठे, मीच बोलत होतो ना!"

"तो काय तुमचा आवाज?" काकू म्हणाली. "कागद वाचत होतात. संध्याकाळी बोललात ते तुम्ही होतात. माझी आई मला त्या पुलावरून न्यायची, ते बोलताना तुमचा गळा दाटला होता. मी ऐकलं."

"अगं, तो दर संध्याकाळी त्याच जागी दाटतो! ते काम आहे माझं!"

काकूने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पटलं. पण ती म्हणाली, "असं वाटतं तुम्हाला. आतून आल्याशिवाय गळा दाटत नाही कुणाचा."

"काकू," मी मध्ये पडले, "तू बटण ओढल्याशिवाय शर्ट पास करत नाहीस."

"शर्ट वेगळा," ती म्हणाली. "शर्टाशी माझं काय नातं?"

काकांनी पुन्हा समजावलं. सांधे, गंज, वजन, सगळं सांगितलं, त्या चौथ्या, घरच्या आवाजात. त्या आवाजात त्यांनी आजवर गोळ्या घेतल्याचं सांगितलं होतं, बिल भरल्याचं सांगितलं होतं आणि पाच मिनिटांत येतो म्हणून सांगितलं होतं. काकू "बरं बरं" म्हणाली आणि आमटी वाढायला उठली.

रविवारी सकाळी पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. दादा अलीकडच्या काठावर खुर्चीत बसले होते, पुलावर मात्र चढले नव्हते. काकांची गाडी काठालाच उभी, घोषणा द्यायला. अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतोय म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. काकू पुलाच्या बरोब्बर मध्यावर, दोन्ही हात मैत्रिणींच्या हातांत, चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळलेला.

इंजिनिअरबाई धावत आली. "उतरवा त्यांना. खाली बघा."

पुलाच्या खाली, मधल्या सांध्यापासून हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटून पाण्यात पडत होते. एक पडला, मग थोड्या वेळाने दुसरा. वरून कुणाला दिसत नव्हते. बाईने कागद पुढे केला. काकांनी माइक ओढला आणि वाचला. पुठ्ठ्यात, सवयीनेच.

पुलावरून मोठ्ठा "हूऽऽ" आला.

"काका, गाडी कुणी लावली आज? खात्याने का?"

"रविवारी पण ऑफिस!"

दादा खुर्चीतून वळले. "काय हे? आज माझी गाडी आहे ना?"

काकांनी माइक बंद केला. पुलाच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि नुसत्या तोंडाने ओरडले, "अगंऽ! खाली ये!"

हा आवाज वस्तीने कधी ऐकलाच नव्हता. बारीक, थोडा फाटलेला. दोघं-तिघं इकडेतिकडे बघायला लागले, कोण ओरडतंय म्हणून. काकूने मात्र ओळखला. हात न सोडता ती मजेत ओरडली, "आलेच पाच मिनिटांत!"

साखळीभर हशा पिकला. हसताना माणसं हलतात. पूल हलला, आणि आणखी एक पापुद्रा पडला, लग्नपत्रिकेएवढा.

काका परत गाडीशी आले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माइक चालू केला आणि तोंड त्याला टेकवलंच. "मायबापहो..." ही साखर होती, नेहमीची, मोजून घेतलेल्या श्वासाची. पूल शांत झाला. "मायबापहो... त्या पुलावर... माझी बायको उभी आहे."

पुढचा शब्द आलाच नाही. मला वाटलं वायर सैल झाली. मी खाली वाकून बघितलं, तर वायर ठीक होती.

"ती माझ्या सांगण्यावरून उभी आहे," काका म्हणाले. "ती रोज माझी वाट बघते, आणि मी उशिरा जातो. रोज. आज मी काठावर उभा आहे आणि ती तिकडे आहे. मला... मला वाट बघायची सवय नाही हो. तिला पाठवा. आधी तुम्ही उतरा, म्हणजे ती उतरेल. सावकाश. पळू नका. एकेक जण."

मध्येच भोंगा किंचाळला, कारण ते माइकवर वाकले होते आणि कपाळ त्या रुमालाला लागलं होतं. मी आवाज जरा कमी केला.

टोकाला उभी असलेली एक म्हातारी आधी उतरली. "चला गं, काका रडतायत," ती मागे वळून म्हणाली. मग तिच्या मागची. मग दोन्ही टोकांकडून साखळी उसवत गेली. बायका पदराने, ओढणीने, बाहीने डोळे पुसत उतरत होत्या. कुणी सांध्याबद्दल विचारलं नाही, गंजाबद्दल विचारलं नाही. काकू सगळ्यांत शेवटी उतरली.

इंजिनिअरबाई रिकाम्या पुलाकडे बघत माझ्या शेजारी उभी होती. "इतके दिवस मी दुसरं काय सांगत होते?"

"तुम्ही पुलाबद्दल सांगत होतात," काका म्हणाले आणि त्यांनी नाक पुसलं.

घरी जाताना काकू पुढे आणि आम्ही मागे. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. "सगळ्या गावासमोर माझं नाव काढलंत. उद्या कारखान्यात तोंड कसं दाखवू? तो शिलाईवाला मास्तर आताच म्हणाला, 'वहिनी, काकांना वाट बघायला लावू नका.'"

"अगं, पण..."

"एवढंच सांगा. खरं रडलात की साखर होती?"

काकांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. "सुरुवात साखरेनेच केली होती," ते म्हणाले. "पुढचं मला नाही कळलं."

काकूने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण धरलं, सवयीप्रमाणे ओढून बघितलं. "मला कळलं," ती म्हणाली आणि कुलूप काढायला गेली. काय कळलं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

पूल त्याच दिवशी बंद झाला, नवे सांधे आल्यावर दुरुस्त झाला आणि उघडलाही. काढलेला जुना सांधा बाईने पुलाच्या तोंडाशी साखळीने बांधून ठेवला आहे. निम्मा गंजून गेलेला, बोट घातलं तर आरपार जातं. लोकांना दिसावा म्हणून. लोक बघतात. "असलं भंगार कुठेही मिळतं," न्हावी म्हणतो, "आणून बांधलं असेल." दादा निवडून आले. लोकांच्या दबावामुळे पूल पुन्हा उघडला, असं ते सांगतात, आणि लोकांनाही ते आवडतं, कारण त्यात लोक येतात. दादांचा उरलेला प्रचार दुसऱ्या गावच्या भोंग्याने केला. काकांनी नाही म्हटलं होतं. त्यांनी आता एक नियम केलाय. एका विषयाला एकच आवाज. ज्याचं सकाळी पुठ्ठ्यात सांगितलं, त्याचं संध्याकाळी साखरेत सांगायचं नाही. गाडी बरेचदा दारातच उभी असते.

पाणीखात्याचे साहेब मध्यंतरी येऊन गेले. "काका, आमच्या सूचना जरा त्या दिवशीसारख्या द्या ना. काय परिणाम झाला होता!"

"साहेब, दर नळाला बायको पणाला लावू का?" काकांनी विचारलं. साहेबांना ते विनोदाने घ्यावं की नाही कळलं नाही. आतून काकू हसल्याचं ऐकू आलं.

तर ते पुठ्ठ्यातच सांगतात. घडी न मोडता. गेल्या आठवड्यात सकाळी गाडी गल्लीतून गेली. 'जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील.' गल्ली दात घासत होती. फक्त काकू कामाला जायच्या आधी गॅलरीत येऊन उभी राहिली, गाडी वळेपर्यंत कान देऊन ऐकलं आणि घरातल्या बादल्या, पातेली, दोन डबे, एक फुलदाणीसुद्धा भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून शेजारणींची रांग लागली. मी अ‍ॅम्प्लिफायर उघडून तिथेच बसले होते.

"काकांनी जरा मनापासून सांगितलं असतं," समोरची वहिनी बादली पुढे करत म्हणाली, "तर भरून ठेवलं असतं ना आम्ही!"

"मनापासूनच सांगतात ते," काकू म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही, त्याला काय करणार?"

"मग आवाज वाढवायला सांगा की!"

काकूने माझ्याकडे बघितलं. मी बटणाकडे बघितलं. आवाज पूर्ण होता.